दिवा, टोपी आणि हिब्रू शास्त्र

सर्वांना जय ख्रिस्त! ब्रसेल्सला येऊन आता दोन हिवाळे झाले आणि गेल्या शनिवारी एकदाची विल्वोर्डला जाऊन आले. इथून ट्रेनने थोड्याच मिनिटांवर आहे पण जाणं होतच नव्हतं. तसं तिथे बघायला फार काही नाही, ज्या किल्ल्यात विल्यम टिंडेल यांना कोंडलं होतं तो किल्लाच आता उरलेला नाही, एक छोटंसं स्मारक आहे. तरी मी बराच वेळ तिथे उभी होते, पाय निघेना.

टिंडेल म्हणजे मूळ ग्रीकवरून इंग्रजीत नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, आणणारे. तेव्हा इंग्लंडमध्ये चर्चच्या परवानगीशिवाय बायबलचं भाषांतर करायला बंदी होती, म्हणून ते जर्मनीला गेले, १५२६ मध्ये वर्म्सला पुस्तक छापून झालं, कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून प्रती इंग्लंडला पोचल्या आणि तिकडे लंडनच्या बिशपने हाती लागल्या त्या जाळल्या. १५३५ ला अँटवर्पमध्ये एका ओळखीच्या माणसाने दगा देऊन त्यांना पकडून दिलं. वर्षाहून जास्त काळ तुरुंग, आणि १५३६ मध्ये आधी गळा आवळून मग जाळलं.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, पण तुरुंगातून त्यांनी लॅटिनमध्ये लिहिलेलं एक पत्र आहे ते इथे आल्यावर पहिल्यांदा वाचलं. काय मागितलंय त्यात? डोक्याला फार गारठा लागतो तर एक गरम टोपी, एक जाडसर कोट, फाटलेल्या कपड्यांना ठिगळ लावायला थोडं कापड, संध्याकाळी एक दिवा कारण अंधारात एकट्याने बसणं फार कंटाळवाणं होतं, आणि सगळ्यात कळकळीने मागितलंय ते हिब्रू शास्त्र, हिब्रू व्याकरण आणि शब्दकोश. म्हणजे मरण समोर आहे आणि या माणसाला अजून भाषांतर करायचंय! मला लगेच प्रेषित पौल आठवला, तोही बंदीत असताना आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो की त्रोवसात राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण, आणि हिवाळ्याआधी ये. इथली थंडी अंगावर घेतल्यावर ते 'हिवाळ्याआधी' किती वेगळं ऐकू येतं सांगू.

आणि एक गोष्ट. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायात, जो प्रीतीवरच आहे, टिंडेलनी 'लव्ह' हा साधा शब्द घातला आणि त्यावरून तेव्हाचे मोठे इंग्रज विद्वान सर थॉमस मोर त्यांच्यावर तुटून पडले, त्यांना 'चॅरिटी' हवा होता. १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी बायबलमध्ये परत 'चॅरिटी'च आला. मला वाटतं टिंडेलचंच बरोबर, कारण 'चॅरिटी' म्हटलं की आजच्या कानाला देणगी ऐकू येते, आणि पौल तर म्हणतोय की सगळी मालमत्ता वाटून टाकली तरी प्रीती नसेल तर काही लाभ नाही.

आपल्याकडे तो शब्द 'प्रीती' आहे. लहानपणापासून इतक्यांदा ऐकला की तो कोणीतरी बसून निवडला असेल हे कधी मनातच आलं नाही. पंडिता रमाबाई आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं, तिथल्याच बायकांनी ते छापलं. १९२२ ला बाई गेल्या, पुस्तक बाहेर आलं १९२४ ला. आणि माझ्या मोबाईलमध्ये ते वचन फुकट, दोन सेकंदात. प्रभू, किती दिलंस रे!

रविवारी हे सगळं पाळकांना सांगितलं तर ते म्हणाले मग आज तो अध्याय तूच वाच, तुझ्या भाषेत. आमच्या मंडळीत मराठी कोणालाच येत नाही. आवाज थरथरत होता, "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे" इथपर्यंत आले आणि मग सावरला. उपासना संपल्यावर एक आजोबा जवळ आले, मागच्या वर्षी मी तापाने पडले होते तेव्हा रोज जिना चढून चौकशीला येणारे हेच. मला विचारतात, तो एक शब्द सारखा येत होता तो कोणता गं? मी सांगितला. दोनतीनदा चुकले, मग नीट म्हणाले, प्रीती.