आईचा गुडघा बदलताना

आईच्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून काढला, तेव्हा आतल्या बाजूला दोन हाडांमध्ये फटच दिसेना. (उभं राहून काढलेलाच कामाचा. झोपवून काढला की फट दिसते आणि सगळ्यांना उगाच बरं वाटतं.) शेवटच्या टप्प्याची झीज, असं निदान झालं आणि जो तो काही ना काही नवं सुचवू लागला. एका दवाखान्यात पीआरपी सांगितलं, म्हणजे तिचंच रक्त काढून त्यातल्या प्लेटलेट गुडघ्यात टोचायच्या. दुसरीकडे म्हणाले, दुर्बिणीने आतून साफ करू. तिसरीकडे वेटिंग रूमच्या भिंतीवर रोबोटचा भलामोठा फोटो.

मी बँकेत कर्जाचे अर्ज तपासते. नुसतं ‘गुण येतो’ म्हटलं की माझं समाधान होत नाही. कशाच्या तुलनेत गुण येतो, हे मी प्रत्येकाला विचारायचं ठरवलं आणि रात्री घरी येऊन वाचत बसले.

पीआरपीची मोठी चाचणी ऑस्ट्रेलियात झाली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. २८८ माणसं. काहींना पीआरपी, काहींना नुसतं सलाइन, आणि आपल्याला काय टोचलंय हे कुणालाच ठाऊक नाही. वर्षाने पाहिलं तर दोन्हींकडे दुखणं जवळपास सारखंच कमी झालेलं. तीही माणसं सौम्य ते मध्यम झिजेची. आईचा गुडघा त्याच्या फार पुढे गेलेला. दुर्बिणीची गोष्ट आणखी जुनी. अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांपैकी काहींच्या गुडघ्यावर फक्त कातडीला छेद देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. खरी सफाई झालेले लोक दोन वर्षांनी त्यांच्यापेक्षा बरे नव्हते. हे २००२ साली छापून आलं, तरी आम्हाला ते ऑपरेशन सुचवलं गेलंच. अशा खोट्या ऑपरेशनला माणसं राजी झाली, याचं मला अजून नवल वाटतं.

म्हणजे सांधा बदलायचाच. ज्यांच्याकडे शेवटी केलं त्या सर्जननी रोबोटबद्दल आढेवेढे न घेता सांगितलं. रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. आधी सीटी स्कॅनवरून हाडाचं त्रिमितीय चित्र तयार होतं, मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून कॅमेऱ्याला पायाची जागा कळवतात, आणि करवत आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागली की यंत्र तिला अडवतं. करवत सर्जनच्याच हातात असते. “काप नेमका येतो, एक्स-रे सुबक दिसतो,” ते म्हणाले. मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. “वर्षाने पेशंट चालताना बघून कुठला रोबोटने केलाय ते मला ओळखता येणार नाही,” असं उत्तर आलं. रोबोटचे पैसे वेगळे होते. आम्ही नको म्हणालो. ज्यांच्या पायाचं हाड जुन्या फ्रॅक्चरने वाकडं आहे, त्यांनी कदाचित वेगळा विचार करावा.

खर्चाचं एक सांगते. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये, वर जीएसटी. पुढे आकडे थोडे बदलले, पण मर्यादा आहे. ‘पॅकेज’ म्हणून एकच रक्कम सांगितली तर इम्प्लांटची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा लिहून मागा. आम्हाला मागितल्यावर लगेच मिळालं.

ऑपरेशनच्या दिवशी मला खरी नवी वाटलेली गोष्ट कुठल्याच भिंतीवर नव्हती. भूलतज्ज्ञ मॅडमनी सोनोग्राफीत बघत मांडीच्या आतल्या बाजूला एक इंजेक्शन दिलं. त्याने गुडघ्याची वेदना बधिर होते, पण मांडीच्या स्नायूची ताकद बरीचशी टिकते. पूर्वीच्या पद्धतीत तो स्नायूच लुळा पडायचा आणि पेशंट पलंगाला खिळायचा. शिवाय रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. हे औषध १९६०च्या दशकातलं, उताको ओकामोतो या जपानी संशोधक बाईंनी पतीच्या साथीने शोधलेलं, प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात बायका दगावू नयेत म्हणून. आईला रक्त चढवावं लागलं नाही. संध्याकाळी फिजिओथेरपिस्ट मुलगी आली, “आजी, चला, उभ्या राहा,” म्हणाली, आणि आई वॉकर धरून दारापर्यंत गेलीसुद्धा. शेजारच्या काकूंना त्यांच्या वेळी किती दिवस झोपवून ठेवलं होतं, हे ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होती.

पुढचे आठवडे मात्र कसलंही संशोधन कामाला आलं नाही. गुडघा वाकवताना ती रडायची, माझ्यावर चिडायची, रात्री झोप नाही. सूज उतरायला महिने गेले. आता बाजारहाट करते, जिना चढते. मांडी घालून बसणं मात्र गेलं. पूजा खुर्चीवर बसून होते आणि त्याची तिला खंत आहे.

डावा गुडघा फक्त आतल्या बाजूने झिजलाय, हाडं एकत्र धरणारी आतली लिगामेंट शाबूत आहेत. तिथे अर्धाच सांधा बदलता येईल, असं सर्जन म्हणतात. वाकतो जास्त, सावरायला वेळ कमी लागतो. पण २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार पूर्ण बदललेले सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात, अर्धे बदललेले ७० टक्के. आकडे आईला वाचून दाखवले. “माझं वय बघ आणि मग पंचवीस वर्षांचं बोल,” म्हणाली. अर्धाच करायचा, दिवाळीनंतर.