अदेओदातूसची आई

२७ ऑगस्ट, रात्री

मम्मींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पुण्यस्मरणाच्या मिस्साचं कार्ड छापून आलं. मुलांची नावं आहेत, नातवंडांची आहेत, पाळण्यातल्या पणतूचंही आहे. त्याखाली ‘आणि सर्व सुना’. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, ‘जागा पुरली नसेल.’ अगदी सहज म्हणाले, म्हणून जास्त लागलं. मम्मींची ती शेवटची वर्षं, त्या रात्री… जाऊ दे.

आज संत मोनिकाचा सण. प्रवचनात आईच्या अश्रूंविषयी ऐकलं. वाट चुकलेल्या मुलासाठी मोनिका वर्षानुवर्षं रडली आणि त्या मुलाचा पुढे संत ऑगस्टीन झाला. हे ऐकताना एरवी माझे डोळे भरून येतात. आज मन त्या दुसऱ्या बाईकडेच जात राहिलं.

आफ्रिकेतल्या कार्थेजला शिकायला गेलेल्या, विशीही न गाठलेल्या ऑगस्टीनने जिला घरात आणलं, ती. लग्न नव्हतं, पण रोमन समाजात अशा सोबतीला सहसा कुणी नावं ठेवत नसे. सुमारे पंधरा वर्षं ती त्याच्याबरोबर राहिली. त्याच्या मुलाची, अदेओदातूसची, ती आई. मिलानमध्ये त्याला मोठी नोकरी मिळाली, मग तोलामोलाचं स्थळ हवं झालं. मोनिकेनेच खटपट करून मुलगी पाहिली. मुलगी लग्नाच्या वयाला अजून दोन वर्षं कमी. वाटेतली अडचण म्हणून हिला आफ्रिकेला परत पाठवलं. दुसऱ्या पुरुषाची होणार नाही असं देवाला वचन देऊन ती गेली. मुलगा बापाजवळ राहिला. आणि ह्याने लग्नापर्यंत धीर धरवेना म्हणून मधल्या काळासाठी तिसरीच कुणी आणली. हे सगळं त्याने स्वतः ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात लिहिलंय, काही न लपवता. तिच्या जाण्याने काळीज फाटलं, रक्ताळलं, असंही लिहिलंय. नाव मात्र लिहिलं नाही.

मला ह्या माणसाचा राग येतो आणि त्याला सोडवतही नाही. लहानपणी शेजारच्या झाडाची नासपती चोरली, त्या पापावर पानंच्या पानं लिहिणारा माणूस. त्या फळांना एवढी जागा, आणि हिच्या वाट्याला काही ओळी! पंधरा वर्षं कुणाच्या घरात राबायचं, त्याचं लेकरू वाढवायचं आणि जगभर वाचल्या जाणाऱ्या त्याच्या पुस्तकात बिननावाचं राहायचं. मिस्सा संपेपर्यंत माझ्या डोक्यात हेच चाललं होतं.

घरी येऊन ‘कन्फेशन्स’चा नववा भाग काढून वाचत बसले. ३८७ साल. ईस्टरला मिलानच्या बिशप आंब्रोजच्या हातून बाप-लेकाचा बाप्तिस्मा झालेला. आफ्रिकेला परतीच्या वाटेवर, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिका आजारी पडते. पोरांना सांगते, हे शरीर कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, एवढंच करा की असाल तिथे प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा. आणि त्या भागाच्या अगदी शेवटी आईचं नाव येतं. त्या सबंध पुस्तकात हेच एकदा. वडिलांचं, पात्रिसियुसचं, नावही तिथे शेजारी आहे. वाचकांनी दोघांना वेदीजवळ आठवावं, म्हणून. तोवर ती नुसती ‘माझी आई’ होती. जिच्या नावाचा सण मी आज पाळला, तिलाही मुलाच्या पुस्तकात तेवढीच जागा. इथे माझा राग थोडा खाली बसला. पुढे बिशप झाल्यावर लग्नावर लिहिताना तो म्हणतो, चांगली बायको मिळेपर्यंत एखादीला ठेवणारा पुरुष मनाने व्यभिचारीच. पण त्याच्याशी इमानाने राहिलेल्या आणि नंतर दुसऱ्या कुणाचा विचार न करणाऱ्या बाईला व्यभिचारिणी म्हणायला आपली जीभ सहज रेटणार नाही. तिथेही नाव नाही. पण ती कोण, हे मला कळतं. तो तिला विसरला नव्हता, असं मी धरून चालते.

ओस्तियाचं आणखी एक. आजीने प्राण सोडला तेव्हा अदेओदातूसने हंबरडा फोडला आणि सगळ्यांनी त्याला गप्प केलं. पंधरा-सोळा वर्षांचा पोर. आईला आफ्रिकेला धाडून दोन वर्षं झालेली. तो नुसता आजीसाठी रडत होता का? पुढच्या वर्षी बाप-लेक आफ्रिकेला, आपल्या गावी थागास्तेला परतले, आणि थोड्याच काळात मुलगाही वारला. ती त्याच आफ्रिकेत कुठेतरी असणार. मायलेकरांची भेट झाली की नाही, बाप लिहीत नाही.

जुन्या गोव्यात ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्याजवळच मोनिकेच्या नावाचा कॉन्व्हेंट आहे. आई आणि मुलगा, शेजारी शेजारी. पुढच्या वेळी गेले की तिथे त्या बिननावाच्या बाईसाठी ‘नमो मरिया’ म्हणेन.

उद्या त्याचा सण. सकाळच्या मिस्साला जाणार आहे. वेदीपुढे मम्मींना आठवेन, त्यांच्या नावाने. आणि अदेओदातूसच्या आईला, तशीच.