तुम्ही विचारलंत म्हणून : माइंडसेट बदलला की पैसा येतो का?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो, शब्द वेगळे पण गोम तीच. ताई, तुम्ही नोकरी सोडलीत, स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहिलात, आता बरं चाललंय, मग हे माइंडसेटनेच झालं ना? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरच दिसतं की त्याला हो ऐकायचंय, आणि हो म्हटलं की पुढचा प्रश्न तयार असतो, पहाटे कितीला उठता. मी साडेसातला उठते. इथेच बऱ्याच जणांचा हिरमोड होतो.

मी काय करते ते आधी सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. मी लोकांचे हिशेब लिहिते. छोटे धंदेवाले, दोन-चार माणसं हाताखाली असलेले, ज्यांना जमाखर्चाचा कंटाळा आहे, त्यांची पुस्तकं मी सांभाळते. (आता सगळं सॉफ्टवेअरमध्ये असतं पण आम्ही अजून पुस्तकंच म्हणतो.) आधी 6 वर्षं नोकरीत हेच केलं, आता स्वतःचं सुरू करून 14 वर्षं झाली. त्यामुळे कोणाकडे पैसा टिकतो आणि कोणाकडून गळतो हे मला त्यांच्या बोलण्यातून नाही, नोंदींमधून दिसतं, आणि बोलणं आणि नोंदी यांचा फारसा संबंध नसतो हे एवढ्या वर्षांत पक्कं कळलंय.

माइंडसेटचा नाद मीही केलाय हं. नोकरी सोडल्यावर पहिले तीन महिने रोज सकाळी आरशासमोर उभी राहून मी श्रीमंत आहे, पैसा माझ्याकडे ओढला जातोय वगैरे म्हणायचे, वहीत लिहायचे सुद्धा. त्या 90 दिवसांत दोन क्लायंट आले, दोघंही आधीच्या ओळखीतले, आणि आरसा तेवढा रोज पुसला गेला.

मग सगळं थोतांड का? तसंही नाही. एक गोष्ट खरंच बदलली, पण ती आरशासमोर नाही, फोनवर बदलली.

पहिलं वर्षभर मला माझा दर सांगताच यायचा नाही. किती घेणार विचारलं की मी म्हणायचे, बघा ना, तुम्हीच सांगा, आपलं काय परकं आहे का. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. मग समोरचा जे सांगेल ते घ्यायचं आणि रात्री दीड वाजता त्याचं बँक स्टेटमेंट जुळवताना त्याच्याच नावाने बोटं मोडायची. तर एका संध्याकाळी एकाचा फोन येणार होता, मी कागदावर पेन्सिलने आकडा लिहून ठेवला. मग खोडला, कमी केला. परत खोडला, अजून कमी केला. कागद तिथे इतका झिजला की पलीकडचं दिसायला लागलं. त्याने विचारलं, महिन्याचे किती? आणि मी, का कोण जाणे, पहिला खोडलेला आकडा सांगितला, ज्याचा नुसता ठसा उरला होता.

पलीकडे शांतता. या शांततेत माणूस मरतो. तोंडातून आपोआप येतं, पण कमीजास्त करू, काळजी करू नका. मी अक्षरशः ओठ दाबून धरले. सात-आठ सेकंद गेले असतील, तर तो म्हणाला, बरं, एक तारखेपासून सुरू करू. तो डायरी शोधत होता. एवढंच होतं. आणि फोन ठेवल्यावर मला आनंद होण्याऐवजी राग आला की इतक्या पटकन हो म्हणाला म्हणजे अजून मागायला हवे होते.

नंतर त्याची पुस्तकं उघडली तेव्हा कळलं. दोन वर्षांचं बँक स्टेटमेंट जुळवलेलं नाही, एकाच बिलाचे दोनदा पैसे दिलेले, आणि येणं किती आहे याचा पत्ता नाही. मी माझे तास मोजत होते, माझी दमणूक मोजत होते, आणि तो त्याची डोकेदुखी मोजत होता. किंमत त्याच्या बाजूला ठरत होती आणि मी माझ्या बाजूला खोडरबर चालवत बसले होते.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. व्हिएन्नाच्या कार्ल मेंगर या अर्थशास्त्रज्ञाने 1871 मध्ये हेच मांडलं, की वस्तूची किंमत तिच्यात किती घाम ओतला त्यावर नाही ठरत, ती घेणाऱ्याची कुठली गरज भागते आणि त्या गरजेची त्याला किती निकड आहे त्यावर ठरते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जेव्हन्स हा अर्थशास्त्रज्ञही तशाच निष्कर्षाला आला होता. त्याआधी मोठमोठ्या लोकांना कोडं पडलेलं, पाण्याशिवाय जगता येत नाही तरी पाणी स्वस्त आणि हिऱ्याचा उपयोग काय तरी तो महाग, असं का. तर आपण जगातलं सगळं पाणी एकदम विकत घेत नाही, पुढचा एक तांब्या घेतो, आणि पाणी मुबलक असलं की त्या पुढच्या तांब्याचं मोल थोडंच असतं. कष्टाला दाम मिळतो असं लहानपणापासून शिकवलेलं असतं आपल्याला, त्यामुळे हे पचायला कडू आहे. मला पचायला दीड वर्ष लागलं. पण माझ्यापुरता माइंडसेट शब्दाचा अर्थ एवढाच, मला किती मिळणार याच्याऐवजी समोरच्याचं काय अडलंय हे आधी विचारणं.

आता दुसरा भाग, आणि हा कोणी सांगत नाही म्हणून मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मुक्त बाजार मुक्त बाजार म्हणतात तो मुक्त कशामुळे, तर व्यवहारात दोघांनाही नाही म्हणता येतं म्हणून. पण नाही म्हणायची सोय फुकट मिळत नाही.

तिसऱ्या वर्षी माझं 60 टक्के उत्पन्न एकाच क्लायंटकडून यायचं. मी मिरवायचे की बघा, मी स्वतःची मालक. कसली मालक, ती नोकरीच होती, फक्त पगारी रजा नसलेली. पैसे तीन-तीन महिने उशिरा, फोन रात्री अकराला. आणि एक दिवस तो म्हणाला, घरच्या दुरुस्तीची बिलं धंद्याच्या खर्चात टाका, सगळेच टाकतात. माझ्या खात्यात तेव्हा जेमतेम एका महिन्याचा खर्च होता. दोन दिवस मी विचार करत होते. लाज वाटते सांगायला, पण चूक-बरोबरचा विचार मी फार तर दहा मिनिटं केला, बाकी दोन दिवस मी नुसती वजाबाकी करत होते. शेवटी नाही म्हटलं, तो गेला, जाताना शेवटच्या दोन महिन्यांचे बुडवून गेला, आणि पुढचे चार महिने वाईट गेले, म्हणजे खरंच वाईट.

आज तशी मागणी आली तर मी हसून दोन मिनिटांत नाही म्हणते. माझ्यात धैर्य वाढलं असं लोकांना वाटतं. धैर्य वगैरे तेवढंच आहे हो, खात्यात सात महिन्यांचा खर्च बाजूला पडलेला आहे आणि कुठल्याही एका क्लायंटकडून उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त येत नाही. माझा माइंडसेट म्हणतात तो हाच. आधी शिल्लक आली, हिंमत मागून आली, उलट नाही.

स्वावलंबनाबद्दल तर मी चांगलीच फसलेय. सगळं स्वतः करायचं असा हट्ट होता, म्हणून वेबसाइट पण स्वतः बनवायला बसले. तीन आठवडे. त्यात एक फॉर्म होता जो भरला की कुठे जायचा ते देवालाच ठाऊक, आणि त्याच काळात दोन जणांनी त्या फॉर्मवरून चौकशी केली होती हे मला नंतर कळलं. ज्या मुलाने मग ती दोन दिवसांत नीट केली त्याला मी जे पैसे दिले त्याच्या तिप्पट माझे त्या तीन आठवड्यांत बुडाले होते. दुसऱ्यांना हिशेब शिकवते आणि स्वतःच्या वेळेची नोंद कुठल्याच खात्यात नाही.

ॲडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने 1776 मध्ये टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण दिलंय, दहा माणसं कामं वाटून घेऊन दिवसाला 48,000 टाचण्या बनवायची, आणि तीच माणसं सुटी सुटी बसली तर प्रत्येकाच्या 20 पण झाल्या नसत्या, कदाचित एकही नाही. म्हणजे बाजार म्हणजे स्वावलंबन नाहीच मुळात, अनोळखी माणसांवर निर्धास्तपणे अवलंबून राहायची ती व्यवस्था आहे. माझ्यासारखे सगळं स्वतः करणारे हे बाजाराच्या उलट दिशेने चाललेले असतात आणि वर त्यालाच बाजाराचा विचार म्हणतात.

आणि सेल्फ मेड म्हणून ज्याचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं त्या अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनचंच बघा. मृत्युपत्राच्या पुरवणीत त्याने स्वतः लिहून ठेवलंय की फिलाडेल्फियात दोन मित्रांनी कर्जाऊ पैसे दिले म्हणून माझा छापखाना उभा राहिला आणि माझ्या संपत्तीचा पाया तोच. म्हणून त्याने बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी 1,000 पौंड ठेवले, 25 वर्षांखालच्या विवाहित कारागिरांना धंदा सुरू करायला 5 टक्क्यांनी कर्ज द्यायचं, दरवर्षी दहावा हिस्सा परत घ्यायचा, आणि हे 200 वर्षं चालवायचं. फुकट नाही, व्याजाने, दोन जामीन घेऊन. गडी पक्का होता. तो 1790 मध्ये गेला आणि 1990 मध्ये मुदत संपली तेव्हा बॉस्टनकडे सुमारे 50 लाख डॉलर होते आणि फिलाडेल्फियाकडे 20 लाखांच्या आसपास. सुरुवातीची रक्कम तीच, वर्षं तीच, सांभाळणारे वेगळे. मला ही गोष्ट फार आवडते कारण ती माझ्या धंद्यातली आहे.

माझेही दोन मित्र आहेत म्हणा ना, आई आणि बाबा. नोकरी सोडल्यावर पहिली दोन वर्षं मी त्यांच्याकडे राहिले, भाडं शून्य. ते भाडं माझ्या हिशेबात धरलं असतं तर पहिल्या वर्षी मी चक्क तोट्यात होते. स्वतःच्या हिमतीवर म्हणता ना, त्या हिमतीला डोक्यावर छप्पर होतं आणि ते दुसऱ्याने बांधलेलं होतं. हे न सांगता नुसती पुढची गोष्ट सांगितली तर ती खोटी नाही पण ताळेबंदाची एकच बाजू झाली.

बाकी पैसा टिकतो कुठे, तर पुस्तकांत मला दिसलेली सगळ्यात मोठी खूण म्हणजे गल्ला आणि खिसा वेगळा आहे का. एक क्लायंट आहेत, विक्री दणदणीत, पण मालकाची उचल म्हणून महिन्यात चाळीसेक नोंदी असतात, कधी पेट्रोल, कधी कोणाला उसने, कधी नुसतंच रोख. वर्षाअखेर विचारतात, नफा दाखवताय तर पैसे कुठायत? दुसरे एक आहेत, धंदा त्यांच्या निम्मा, पण महिन्याच्या पाच तारखेला स्वतःला ठरलेला पगार देतात, एकच नोंद, आणि उरलं त्यातलं काही मशीनमध्ये काही इंडेक्स फंडात. यांना मी कधी माइंडसेटवर बोलताना ऐकलं नाही. त्यांना बोलायलाच आवडत नाही मुळात.

आणि 72 चा नियम पाठ करा, बाकी काही नाही केलं तरी चालेल. 72 ला व्याजदराने भागा, तेवढ्या वर्षांत साधारण दुप्पट होतं. 8 टक्क्यांनी 9 वर्षं. महागाई 6 टक्के असेल तर तेच उलटं, गादीखालच्या पैशाची ताकद 12 वर्षांत निम्मी. आणि क्रेडिट कार्डाची उधारी महिना 3 टक्क्यांनी साठू दिली तर 24 महिन्यांत दुप्पट होते. त्यामुळे गुंतवणूक कुठे करू विचारणाऱ्याला मी आधी उधारी किती ते विचारते, आणि मग बरेचसे लोक विषय बदलतात.

राहिलं नशीब. अब्राहम वाल्ड नावाच्या गणितज्ञाने 1943 मध्ये युद्धातल्या विमानांवर काम केलं होतं, परत आलेल्या विमानांवरची भोकं मोजून न आलेल्यांबद्दल काय सांगता येईल यावर. मला विचारायला येता ना तुम्ही, तेव्हा मी परत आलेलं विमान आहे. माझ्याबरोबर अजून दोघींनी नोकरी सोडली होती, दोघी माझ्यापेक्षा हुशार, एकीच्या घरात आजारपण आलं आणि दुसरीचा मोठा क्लायंटच बुडाला, दोघी परत नोकरीत गेल्या. त्यांचा माइंडसेट उत्तम होता. त्यांना कोणी विचारत नाही. मी मुक्त बाजाराच्या बाजूची आहे, व्यवहार मोकळा असावा असंच मला वाटतं, पण ज्याच्याकडे जितकं आहे ती त्याची लायकी असं कोणी म्हणालं की मला त्या दोघी आठवतात आणि मी वाद घालते. स्मिथनेच लिहून ठेवलंय की एका धंद्यातले लोक मौजेला जरी जमले तरी बोलणं भाव वाढवायच्या कटाकडे वळतं, म्हणजे बाजाराची बाजू घेणाऱ्याने व्यापाऱ्यांवर आंधळा विश्वास ठेवलाच पाहिजे असं नाही.

असो. खूप लांबलं. मागच्या आठवड्यात ज्या मुलाने विचारलं होतं त्याला मी एवढंच सांगितलं की मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट घेऊन ये, आपण बसू. तो अजून आलेला नाही. मीही काही शहाणी नाही, यंदा दर वाढवल्याचा मेल चार दिवस ड्राफ्टमध्ये पडलाय, आणि त्यातला आकडा काल रात्री मी एकदा कमी केलाय. तो आधीचा परत टाकते आणि पाठवते आता.