दोघांत तिसरं

लिफ्टमध्ये दोन अनोळखी माणसं असली की दोघंही दारावरचे मजल्यांचे आकडे वाचत उभी राहतात. चारनंतर पाचच येणार हे ठाऊक असूनही चेहऱ्यावर निकाल लागायच्या वेळची एकाग्रता असते. मग एखाद्या दिवशी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. अर्ध्या मिनिटात “नेहमी असंच होतं का हो?” आणि पाच मिनिटांत एकाला दुसऱ्याच्या गुडघेदुखीचा सगळा इतिहास पाठ. माणसं तीच, जागा तीच. बोलायला मध्ये काहीतरी आलं, एवढाच काय तो फरक.

ओळख व्हावी म्हणून आपण समोरच्याकडे बघतो आणि तिथेच फसतो. दोघांनी मिळून तिसरीकडे बघितलं की ती आपोआप होते. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या लहान चौकांत कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात, कुठे थांबतात, कोणाशी बोलतात ते तासन् तास टिपलं. एखादा रस्त्यावरचा कलाकार किंवा विचित्र आकाराचं शिल्प असलं, की शेजारी उभे असलेले दोन परके जुनी ओळख असल्यासारखे बोलू लागतात, हे त्याने दाखवून दिलं. कलाकार चांगला असायची गरज नसते. वाईट असला तर उलट जास्त बोलता येतं. याच चित्रीकरणात त्याला आणखी एक गंमत सापडली: रस्त्यात भेटलेली माणसं गप्पांसाठी बाजूला होत नाहीत, बहुतेक वेळा गर्दीच्या ऐन प्रवाहात उभी राहतात. त्यांना वळसा घालून जाणाऱ्यांनी मनात काय म्हटलं, ते मात्र कॅमेऱ्यात आलेलं नाही.

मग पहिलं वाक्य कसं असावं? दोघांना आत्ता, इथे दिसणाऱ्या गोष्टीबद्दल असावं, एका दमात संपावं, आणि उत्तर दिलं नाही तरी कोणाचा अपमान होऊ नये. “ही रांग मघापासून हलली का?” हे उत्तम वाक्य आहे. “तुम्ही काय करता?” हे वाईट, कारण त्याला उत्तर द्यावंच लागतं आणि ते मनाजोगं नसलं तर माणूस आक्रसतो. समोरच्याच्या अंगावरच्या कुठल्याही गोष्टीपासून सुरुवात करू नये. हातातल्या गोष्टीपासून चालते. कानात इअरफोन असतील तर तो दरवाजा बंद आहे असं समजावं. उभं राहायचं ते समोरासमोर नाही, शेजारी, थोडं तिरकं. म्हणजे नजर चुकवायला जागा राहते. समोरच्याच्या आणि बाहेरच्या दाराच्या मध्ये तर कधीच उभं राहू नये. गप्पा कितीही रंगल्या तरी ज्याची वाट अडली आहे, त्याचं अर्धं लक्ष दाराकडे असतं.

दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं, आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. उत्तर मिळालं की लोक घाईने नवा प्रश्न काढतात, मग आणखी एक, आणि दोन मिनिटांत त्या गप्पांची उलटतपासणी होते. मिळालेल्या उत्तरातलाच एखादा धागा धरून विचारावं. “मी चालतच आले” असं कोणी म्हणालं तर “कुठल्या रस्त्याने?” विचारायचं, “हवामान काय म्हणतंय?” नाही. आणि दोन प्रश्नांमागे एकदा तरी आपल्याकडचं काही द्यायचं, नाहीतर समोरचा आपली झडती चालली आहे असं धरून चालतो.

तक्रार हे सर्वांत सोपं तिसरं. उशिरा येणारी गाडी, बंद पडलेलं यंत्र, न मिळणारी सही. ती लगेच पेटते, पण गाडी आली की विझते. शिवाय ज्याच्याविरुद्ध बोलतोय तो मागेच उभा असण्याची शक्यता कायम असते.

कुत्र्याचं मात्र तसं नाही. कुत्रा रोज येतो, रोज थांबतो आणि मालकाला थांबवतो. इथे पद्धत ठरलेली आहे. आधी मालकाला विचारायचं, मग कुत्र्याकडे अंग थोडं तिरकं ठेवून, रोखून न बघता उभं राहायचं आणि त्याला स्वतःहून जवळ येऊन वास घेऊ द्यायचा. वरून डोक्यावर हात नेला की बरेच कुत्रे मागे सरकतात. छातीला किंवा मानेच्या बाजूला खाजवलेलं त्यांना जास्त चालतं. मग नाव, वय, “चावत नाही ना?” असा क्रम. परिणामी फिरायला जाणाऱ्यांना वर्षानुवर्षं कुत्र्यांची नावं, त्यांची औषधं, त्यांचे आवडते खांब माहीत असतात; मालकांची नावं मात्र नसतात. यात चुकीचं काही नाही. कुत्रा नसताना तेच दोघं दुकानात समोरासमोर आले की एकमेकांना ओळखायला जरा वेळ लागतो, इतकंच.

पण ज्याला परक्यांमधल्या गप्पा मुद्दाम घडवून आणायच्या आहेत, त्याच्यासाठी टेबलावर मांडलेल्या जिगसॉसारखं, म्हणजे तुकडे जुळवून चित्र पुरं करायच्या खेळासारखं, साधन नाही. वाचनालयात, प्रतीक्षागृहात, कार्यालयातल्या चहाच्या कोपऱ्यात, जिथे माणसं पाच-दहा मिनिटं रेंगाळतात तिथे तो मांडावा. ५०० तुकड्यांचा पुरेसा होतो. १००० तुकड्यांचं चित्र साधारण ७० बाय ५० सेंटीमीटरचं होतं आणि सुटे तुकडे पसरायला जवळजवळ तेवढीच जागा आणखी लागते. खाली एक पातळ फळी ठेवावी, म्हणजे टेबल पुसायच्या वेळी सगळं उचलून बाजूला ठेवता येतं. ही फळी विसरली की सफाईच्या पहिल्याच दिवशी खेळ संपतो. चौकट आधीच स्वतः लावून ठेवायची, कारण मोकळ्या ढिगाला कोणी हात लावत नाही, आणि चौकट दिसली की माणसाला आतली रिकामी जागा खुपायला लागते. चित्र ठसठशीत रंगांचं, वेगवेगळ्या भागांचं हवं: घरं, पाट्या, छत्र्या. निळं आकाश आणि बर्फ टाळा. त्या तुकड्यांपाशी भली भली माणसं नाउमेद होऊन उठून गेलेली आहेत.

हे का जमतं ते उघड आहे. हातांना काम, डोळ्यांना काम, त्यामुळे बोललं तरी चालतं आणि नाही बोललं तरी चालतं. एक तुकडा लावून निघून जाणारा असभ्य ठरत नाही. “हा पिवळा तुमच्या बाजूचा वाटतोय” यापेक्षा निरुपद्रवी पहिलं वाक्य कोणाला सुचणार? बिघडतं ते दोन कारणांनी. एक, कोणीतरी तरबेज गृहस्थ येतात आणि दुपारभर बसून सगळा लावून टाकतात. त्यांना मुलाहिजा न ठेवता पाट्यांच्या कोपऱ्यापुरतं नेमून द्यावं. दुसरं म्हणजे खिशातला तुकडा. शेवटचा तुकडा आपल्या हाताने बसावा म्हणून एक तुकडा आधीच लपवणारी माणसं जगात आहेत, आणि ती दिसायला अगदी सज्जन असतात.

अनोळखी माणसाशी बोलायचं शास्त्र सर्वांत काटेकोरपणे कोणी बसवलं असेल, तर हौशी रेडिओवाल्यांनी. परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे अक्षरं-आकड्यांचं ओळखनाव, मिळालेला माणूस १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, अँटेना म्हणून साधारण दहा मीटर लांबीची तार ताणून ‘सीक्यू’ पुकारतो, म्हणजे जो कोणी ऐकत असेल त्याला हाक. हजारो किलोमीटरवरून उत्तर आलं तर दोघं पहिल्यांदा काय बोलतात? तुझा आवाज इथे कसा पोहोचतोय, ते. स्पष्टता १ ते ५, जोर १ ते ९. सगळं छान असेल तर ‘पाच-नऊ’. इथे दोघांमधलं तिसरं म्हणजे खुद्द तो पोहोचणारा आवाज. त्यानंतर नाव, गाव, तार कशी बांधली, हवा कशी आहे, आणि शेवटी ‘७३’, तारयंत्राच्या काळापासून चालत आलेला शुभेच्छांचा आकडा. पुढे काय बोलू हा प्रश्नच येत नाही. जास्तीत जास्त जणांशी संपर्क साधायच्या स्पर्धेच्या दिवशी मात्र आवाज कसाही असो, सगळे एकमेकांना ‘पाच-नऊ’ देतात आणि लगेच विचारतात, “कॉलसाइन पुन्हा सांगा, ऐकू आलं नाही.”

बोलणं झाल्यावर टपालाने क्यूएसएल कार्ड, म्हणजे त्या बोलण्याची पोच, जातं. त्यावर दोघांची कॉलसाइन, तारीख, वेळ, पट्टा, पद्धत आणि रिपोर्ट लिहायचा. नवख्यांची चूक ठरलेली: वेळ स्थानिक घड्याळाची लिहितात. ती जागतिक वेळेत लिहायची असते, नाहीतर कधी तारीखच बदलते आणि समोरच्याच्या वहीतल्या नोंदीशी कार्ड जुळत नाही.

नुसत्या टपालावर चालणारा असाच एक उद्योग २००५ साली पोर्तुगालमध्ये सुरू झाला, पोस्टक्रॉसिंग नावाचा. तुम्हाला एका अनोळखी माणसाचा पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. पोस्टकार्डावर तो क्रमांक लिहून पाठवायचं. त्याने पोहोच नोंदवली की तुमचा पत्ता भलत्याच तिसऱ्याला दिला जातो आणि तो तुम्हाला लिहितो. ज्याला लिहिलं त्याच्याकडून उत्तर येत नाही, म्हणून देण्याघेण्याचा हिशेबही राहत नाही. क्रमांक लिहायचा विसरणं हा इथला सर्वांत मोठा घोटाळा. त्याखालोखाल तिकिटाशेजारी लिहिणं, कारण शिक्का नेमका त्यावर बसतो. क्रमांक दोन ठिकाणी, ठळक लिहावा.

हे सगळं परक्यांपुरतं ठीक. खरं अवघड प्रकरण रोज दिसणाऱ्यांचं आहे. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली त्यांच्यावर लिहिलं. रेल्वे स्थानकावर सकाळी थांबणाऱ्या प्रवाशांचे फोटो काढून पुढच्या आठवड्यात त्याच प्रवाशांना दाखवले, तेव्हा प्रत्येकाने सरासरी चार अशी माणसं ओळखली, की ज्यांच्याशी तो कधी एक शब्दही बोलला नव्हता. वेळ विचारायची झाली तर माणूस यांना सोडून साफ परक्याला विचारतो, असंही मिलग्रॅमचं निरीक्षण. कारण सरळ आहे. परक्याशी बोललं की तिथेच संपतं; रोजच्याशी एकदा बोललं की उद्या, परवा आणि निवृत्तीपर्यंत बोलणं आलं. म्हणून रोजच्या माणसाशी रोजच्या जागी सुरुवात करू नये. तो भलत्या गावात, दवाखान्यात किंवा पावसात अडकलेल्या बसमध्ये भेटला की लगेच बोलून घ्यावं. दुसऱ्या दिवशी मान हलवली तरी पुरतं. सगळ्या गप्पा पुन्हा करायचं बंधन कोणी घातलेलं नाही.

तरीही कोंडी फुटत नसेल तर काहीतरी मागावं. पेन, छत्रीतली अर्धी जागा, वाचून झालेला पेपर. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या विरोधात बोलणाऱ्या, विधिमंडळातल्या एका सभासदाकडून त्याच्या संग्रहातलं दुर्मीळ पुस्तक मागून घेतलं, आठवड्याभरात आभाराच्या चिठ्ठीसह परत केलं, आणि तिथून जमलेली मैत्री त्या गृहस्थाच्या मरेपर्यंत टिकली, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. वस्तू लहान असावी आणि परत करण्याजोगी असावी. परत करायला पुन्हा भेटावं लागतं. खरा फायदा तो. पुस्तक वर्षभर ठेवून घेतलं, तर परिणाम उलटा होतो हे वेगळं सांगायला नको.

नाव विचारायचं राहून जातं, ते याच वाटेवर कुठेतरी. पहिल्या दोन-तीन भेटींत आधी आपलं सांगून टाकलं की समोरचा आपणहून त्याचं सांगतो. वर्ष उलटल्यावर विचारायची लाज वाटते. त्यावर एकच इलाज: सोबत कोणीतरी घेऊन जायचं, “हा माझा भाऊ” म्हणायचं आणि गप्प राहायचं. समोरचा हात पुढे करून स्वतःचं नाव सांगतो. कधी कधी नाही सांगत. नुसता हसतो, आणि आपल्याकडे बघत राहतो. अशा वेळी समजावं की त्यालाही आपलं नाव आठवत नाहीये, आणि पुढच्या वेळी तो मेहुण्याला घेऊन येणार आहे.