रुसून निघालेली माउली आणि आमचं किडनीचं मागणं

आषाढीच्या दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की आमच्या भागात राहणाऱ्यांनाच घरी पोचायला वाट मिळत नाही. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, आणि शेजारी आम्ही गुरुवार पेठवाले. पंचहौदाच्या चर्चची घंटा आणि टाळ-मृदुंग एकाच वेळी कानावर पडायचे, त्यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही. आजी दारात चहाचं मोठं पातेलं मांडायची. वारकरी बायका ओट्यावर टेकायच्या, "तुमी किरिस्तावं का?" असं सरळ विचारायच्या आणि आणखी अर्धा कप मागून घ्यायच्या. याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, आलं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आजीच्या चहानं कुणी बाटल्याचं ऐकिवात नाही.

पालखीला चहा देणं वेगळं आणि पालखीबरोबर चालणं वेगळं, असं आमच्या मंडळीत काहीजणांचं मत आहे. त्यांचा मुद्दा मला कळतो. मी पादुकांना हात जोडत नाही, आणि वारीत तसा आग्रहही कुणी करत नाही. रेव्हरंड टिळकांचा, म्हणजे नारायण वामन टिळकांचा, बाप्तिस्मा १८९५ सालचा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते उघड सांगत. त्यांचे अभंग आम्ही उपासनेत गातो. त्या पुलावर एक दिवस चाललं तर पाय भाजतील असं मला वाटत नाही. आमच्या तरुण संघाचे चार जण दिवे घाटाच्या पायथ्याशी मलमपट्टीचं टेबल लावतात, त्यांच्यासाठी पट्ट्या आणि ओआरएसची पाकिटं घेऊन मी पुण्याहून सासवडपर्यंत चालायचं ठरवलं.

खरं कारण धाकट्या भावाचं होतं. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, दर वेळी चार तास. त्याच्या डाव्या हाताला मनगटाच्या वर फिस्टुला केला आहे, म्हणजे शीर आणि धमनी जोडून सुया टोचायला केलेली जागा. तिथे बोट ठेवलं की कातडीखाली बारीक थरथर लागते. ती लागली म्हणजे फिस्टुला चालू आहे. आई रोज रात्री झोपण्यापूर्वी त्याच्या हातावर दोन बोटं ठेवते, थरथर लागेपर्यंत थांबते, आणि मग 'आमेन' म्हणते. आधी काय म्हणते ते ऐकू येत नाही. पाणी मोजून. त्याचा स्टीलचा एक पेला ठरलेला आहे, दिवसाचं पाणी त्याच्याच हिशोबानं. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा गालात धरून बसतो.

घरातून किडनी देता येण्यासारखं कुणी नाही. मला मधुमेह, आईचं वय झालेलं, वहिनीला रक्तदाब. त्यामुळे त्याचं नाव झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटपाचं काम बघणाऱ्या केंद्राच्या, पुणे विभागाच्या प्रतीक्षायादीत आहे. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या नातेवाइकांनी होकार दिला, तरच त्या यादीतल्या कुणाला अवयव मिळतो. रक्तगट जुळावा लागतो, आणि शेवटी क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचं रक्त देणाऱ्याच्या पेशींवर उलटतं का ही तपासणी, निगेटिव्ह यावी लागते.

एकदा रात्री फोन आला. अशा वेळी एकाहून जास्त रुग्णांना बोलावतात, म्हणजे एकाचं जमलं नाही तर दुसरा तयार असतो. आम्ही पळत गेलो. रक्त दिलं, बाकड्यावर बसलो. बाकीचे नातेवाईकही बसलेले, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं, कारण सगळ्यांची प्रार्थना एकमेकांच्या विरुद्ध होती. पहाटे कळलं की भावाची क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली, म्हणजे किडनी चालणार नाही. परत येताना रिक्षात तो एवढंच म्हणाला, "कुणाला तरी मिळाली ना, बास." आणि त्या दिवशी नेहमीच्या वेळी डायलिसिसला गेला.

त्यानंतर आमच्या घरच्या प्रार्थनासभेचं मागणं बारीक होत गेलं. आधी लोक म्हणायचे, "प्रभू, किडनी मिळू दे." मग "त्याला बळ दे." मग "डॉक्टरांच्या हाताला यश दे." पुढेपुढे तर "फिस्टुला नीट राहू दे", "पोटॅशियम वाढू नये", असं. लॅबच्या रिपोर्टात जेवढं बसेल तेवढंच मागायचं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळे जणू देवाची अब्रू सांभाळत होते. मोठं मागायचं, आणि नाही मिळालं तर त्याला काय उत्तर देता येईल? त्यापेक्षा नकोच ते.

याच्या उलट टोकाचे लोकही भेटले. एका चंगाई सभेहून, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभेहून, आलेल्या बाईंनी आईला सांगितलं की किडनी मिळालीच असं समजून आतापासून आभार माना, संशय धरलात तर मिळणार नाही. आई गप्प बसली. मी चिडले. वचन त्यांनी मार्काच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायातलं दिलं, आणि ते तिथे आहेच. जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा, हे येशूचेच शब्द, त्यांच्याकडे काणाडोळा करता येत नाही.

आणि तिसरी एक अडचण, जी सभेत कुणीच बोलत नाही. किडनी मागायची म्हणजे कुणाच्या तरी घरचा कर्ता माणूस हायवेवर पडावा असं मागायचं का? हा प्रश्न मला छळत होता. मागणं आवाक्याबाहेरचं होतं हा एक भाग, पण ते तोंडातून काढायचीच लाज वाटत होती.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी पहाटे भवानी पेठेतून निघाले. एकादशी होती. शिंदे छत्रीपर्यंत गर्दीच आपल्याला चालवते, आपण फक्त पाय उचलायचे. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात. माउली दिवे घाटाकडे वळतात, तुकोबा लोणी काळभोरकडे. तुकोबांच्या त्याच वाटेवर पुढे केडगावचा भाग लागतो, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या. शेकडो मुली, आणि हातात त्यांच्या खर्चाची सोय नाही. मागायचं ते देवाकडे, हा त्यांचा खाक्या. धान्य मागितलं, विहिरींना पाणी मागितलं, आणि मिळालं. आमच्याकडे रमाबाईंची गोष्ट बहुतेक इथेच थांबवतात. पण त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली त्यांच्या आधी गेली, आणि रमाबाई स्वतः १९२२ मध्ये. त्या मुलीसाठी त्यांनी कमी विश्वासानं प्रार्थना केली असेल, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

उरुळी देवाची सोडून वडकी नाल्याशी पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं. आमच्या पोरांच्या टेबलाशी मोठी रांग होती. बहुतेकांना फोड आलेले, काहींना नुसतंच बसायला जागा हवी होती. मी पट्ट्या कापून देत बसले. समोर एक बाई पाय पुढे करून बसल्या, साठीच्या पुढच्या, हिंगोलीकडच्या. टाचेला पडलेली भेग एवढी खोल की तीत माती बसून काळी रेघ झालेली. पोरगं कापसानं ती साफ करत होतं आणि बाई हूं की चूं न करता राजगिऱ्याचा लाडू खात होत्या.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "माउली, यंदा काय मागणार पांडुरंगाला?"

"काय बी न्हाई."

मला वाटलं, आता निष्काम भक्तीवर ऐकायला मिळणार. वारकरी काही मागत नाही वगैरे. पण त्यांनी लाडूचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "मागच्या साली येकच मागितलं व्हतं. लेकाचं. न्हाई ऐकलं त्यानं. यंदा बोलायचंच न्हाई त्याच्यासंगं. म्होरं जाऊन हुबी ऱ्हाईन, बघू दे त्याला माजं तोंड, अन् म्हागारी येईन."

"एवढं चालून नुसतं न बोलायला?"

"घरी बसून रुसलं तर त्याला कसं कळंल?"

पट्टी बांधून झाली, त्यांनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, तुळस उचलली आणि दिंडीत जाऊन मिसळल्या. लेकाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर. एवढं चालायचं ते कशाला, तर देवाला आपला राग दिसावा म्हणून. जनाबाईनं तर विठ्याला शिव्या घातल्या, तेव्हा हे यांच्या घरातलंच आहे. पण आमच्याकडे काय वेगळं आहे? स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र घ्या. देवा, मी रात्रंदिवस ओरडतो आहे, तू तोंड का लपवतोस, असं म्हणत ते अंधारातच संपतं. शेवटी आभार नाहीत, आशेची ओळ नाही. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आमच्या सभेत ते वाचायला घेतलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

घाट सुरू झाला. उजवीकडे खाली मस्तानी तलाव दिसायला लागला तेव्हा दमही लागायला लागला. माउलींच्या रथाला इथे जादा बैलजोड्या जुंपतात. रथ साक्षात माउलींचा असला तरी चढाला बैल जास्त लागतात, आणि त्यावरून कुणी श्रद्धा मोजत बसत नाही. मला त्या पक्षाघाती माणसाची आठवण झाली, ज्याला चौघांनी छप्पर उसवून येशूपुढे सोडलं. मार्क लिहितो की येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला. खाटेवरच्याचा किती होता, ते कुणी विचारलंच नाही. माझ्या भावाचा विश्वास कधी दिसतो, कधी दिसत नाही. डायलिसिसच्या दुसऱ्या तासाला पायात गोळे येतात तेव्हा तो देवाचं नावही घेत नाही. मग छप्पर आपण उसवायचं.

चढताना मार्कच डोक्यात फिरत राहिला. त्या बाईंनी आईला सांगितलेलं वचन अकराव्या अध्यायातलं. त्याच्या आधी, नवव्या अध्यायात, एक बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एका दमात दोन्ही. येशू त्याला आधी संशय संपवून ये म्हणत नाही, त्याचं पोर बरं करतो. आणि चौदाव्या अध्यायात, क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री, गेथशेमाने बागेत येशू स्वतः मागतो. क्रम बघण्यासारखा आहे. बापा, तुला सर्व शक्य आहे, हे पहिलं. हा प्याला माझ्यापासून दूर कर, हे दुसरं, अगदी सरळ, पूर्ण आकाराचं मागणं. आणि मग 'तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको'. आमच्या सभेत आम्ही मधलं वाक्य गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारत होतो. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे न मागण्याचं निमित्त झालं होतं. चंगाईवाल्या बाई पहिल्या दोनांवर थांबत होत्या. आणि ज्यानं 'मिळालंच आहे असं समजा' म्हटलं, त्याचाच प्याला टळला नाही, हेही त्याच पुस्तकात, तीनच अध्याय पुढे. त्याचा विश्वास कमी पडला, असं कोण म्हणेल?

मी टाळांच्या ठेक्यावर तसंच म्हणायला लागले. बापा, तुला सर्व शक्य आहे. पाच-सहा पावलं. माझ्या भावाला किडनी दे. पाच-सहा पावलं. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली, कारण हायवेवरचा तो अनोळखी माणूस डोळ्यांपुढे आला. त्यावर आईनं पूर्वी एकदा जे सांगितलं होतं ते तेव्हा नीट कळलं. ती म्हणाली होती, "मरण आपण मागत नाही गं. ते त्या घरावर आपल्या मागण्यानं येत नाही. ज्या घरावर आलंय, त्यांना त्या घडीला हो म्हणायचा धीर दे, एवढं मी मागते. आणि त्यांच्यासाठीही रडते." त्या रात्री बाकड्यावर आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो, तेव्हा आतल्या खोलीत कुणीतरी हो म्हटलं होतं. त्यांच्यासाठी मी घाटात चालता चालता प्रथमच प्रार्थना केली.

किडनी मिळेल अशी खात्री वाटली का? नाही. माथ्यावर पोचल्यावरही नाही. पण मागणं मागून झालं होतं, कापून लहान न करता, आणि ते मला खोटं वाटत नव्हतं. झेंडेवाडीच्या पुढे पाय इतके सुजले की प्रार्थना बंद पडून फक्त चपलेचा पट्टा उरला. सासवडला एका काकूंनी शाबूदाण्याची खिचडी दिली, ती उभ्यानंच खाल्ली. परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली नाही.

पुढच्या शुक्रवारी सभा आमच्याकडेच होती. प्रार्थनेच्या विनंत्यांच्या वहीत मी लिहिलं : 'किडनी मिळावी. देणाऱ्या घराला धीर मिळावा. यादीतल्या बाकीच्यांनाही मिळावी.' एका काकांनी चष्मा काढून विचारलं, इतकं स्पष्ट लिहावं का, देवाला कळतं सगळं. पाळकांनी काही न बोलता वही माझ्याकडे परत सरकवली. भाऊ पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, गालात बर्फ. तो म्हणाला, "लिहितेसच आहेस तर रक्तगटपण लिही, ताई. ओ पॉझिटिव्ह."