आमची वाटचाल : खोकला काढतो, दाद ठेवतो

दादरला भाड्याच्या जागेत स्टुडिओ सुरू केला, तेव्हा शास्त्रीय गाणं रेकॉर्ड करायची रीत ठरलेली होती. गायक एका खोलीत, तबला काचेपलीकडे, दोघांच्या कानांवर हेडफोन. आवाज एकमेकांत मिसळत नाहीत, मिक्सिंग सोपं जातं. पण विलंबित (संथ लयीच्या) ख्यालात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना गायक तबलजीकडे बघतो, त्या बघण्यात अर्धा संवाद असतो. म्हणून आम्ही दोघांना एकाच सतरंजीवर बसवलं. गायकाच्या माइकमध्ये थोडा तबला शिरतो, शिरू देतो.

तरीही समोर श्रोता नव्हताच. बैठकीत गायकाने एखादी ‘जागा’, म्हणजे सुरांचं सुंदर वळण, घेतली की पुढच्या रांगेतून ‘आहा’ येतं, आणि गायक तीच जागा पुन्हा, वेगळ्या वळणाने घेतो. ही दुसरी जागा बंद खोलीत सुचतेच असं नाही. त्यासाठी आम्ही सामान उचलून गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंडच्या मैफलींना जाऊ लागलो. आज आमचं बहुतेक काम तेच आहे.

तिथे कसोटी लागते ती आलापात. तबला थांबलेला, तानपुरे तेवढे चालू, आणि नेमका तेव्हाच कोरडा खोकला. कुणी खुर्चीच्या दांड्यावर अंगठीने ताल धरतं, तो टकटक आवाज माइक बरोबर उचलतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणून गायकाचा माइक जवळ ठेवतो आणि श्रोत्यांसाठी दोन माइक वेगळे लावतो. दाद त्या ट्रॅकवर येते, हवी तेवढी वर-खाली करता येते.

आयोजक म्हणतात, सॉफ्टवेअरने सगळंच साफ करा. आम्ही नाही म्हणतो. सरसकट नॉइज रिडक्शन लावलं की आधी बळी जाते तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा झंकार. तिचे वरचे बारीक स्वर मशीनला खरखर वाटतात. ती गेली की गायकाच्या सुराखालचा आधारच पातळ होतो. आम्ही एकेक खोकला हाताने शोधून पुसतो. वेळ लागतो, पैसेही त्याचेच घेतो. समेवरची ‘वाह’ मात्र कधीच पुसत नाही. ती गाण्याचाच भाग आहे.

येत्या मोसमात घरगुती बैठकांचं रेकॉर्डिंग सुरू करतोय. दिवाणखान्यात पंधरा-वीस माणसं मावली की पुरे; पंखे बंद ठेवायची तयारी हवी.