मेसच्या काकूंचा फोन

"ताई, तुमच्या क्लासचा तो बुऱ्हाणपूरचा पोरगा मला ठीक वाटत नाही." इंदूरच्या भंवरकुआं भागात मेस चालवणाऱ्या काकू सकाळीच फोनवर सांगत होत्या. "पंधरा दिवस ताटाला नीट हात लावला नाही. काल एकदम हसत आला, सगळी उधारी चुकती केली, सायकल दुसऱ्या मुलाला देऊन टाकली."

इंदूरच्या एका कोचिंगमध्ये मी समुपदेशक आहे. (मुलाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) क्लास माझ्याकडे पाठवतो ती मार्क घसरलेली मुलं. याचे मार्क उत्तम होते, म्हणून त्याचं नाव माझ्यापर्यंत कधी आलंच नव्हतं. पण खूप दिवसांच्या उदासीनंतर अचानक आलेली शांतता आणि जवळच्या वस्तू वाटून टाकणं, ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की दुपारपर्यंत थांबायचं नसतं.

मी त्याला सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो का?" असं विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती पालकांना फार असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं बोलतात. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रोज येतो." कसं करायचं तेही ठरलं होतं. बारावीत एकदा प्रयत्न झाला होता आणि घरच्यांनी पोटाचं दुखणं सांगून तो झाकला होता. आधीचा प्रयत्न हा सगळ्यांत मोठा धोका, आणि नेमका तोच कुणाला ठाऊक नव्हता.

त्या दिवशी त्याला क्षणभरही एकटं सोडलं नाही. वॉर्डनने खोलीतली धोक्याची वस्तू हलवली. दुपारीच मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं.

संध्याकाळी वडील पोचले. त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, पोलीस केस होईल का?" याच धास्तीने त्यांनी पहिल्या वेळी उपचार केले नव्हते. मला त्यांचा राग आला नाही, फार वाईट वाटलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच सहसा धरलं जातं, म्हणून त्याला शिक्षा होत नाही आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर येते, हे मी त्यांना दोनदा समजावलं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत नंबर लिहून दिला.

उपचार अजून चालू आहेत. आता आमच्या बैठकीला शिक्षकांबरोबर वॉर्डन आणि मेसवाल्यांनाही बोलावतो. पहिल्याच बैठकीत काकूंनी आणखी दोन मुलांची नावं सांगितली.